जिथे धूरही तोलला जातो

दिल्लीला जाणाऱ्या मराठी कुटुंबाची यादी बहुधा ठरलेली असते. लाल किल्ला, कुतुबमिनार, राजघाट, करोलबागेतली खरेदी आणि एखादा दिवस हाताशी असला तर आग्रा. इतिहासाची ओढ असलेले लोक आणखी एक दिवस काढून पानिपतला जातात. काला आंबच्या स्तंभासमोर क्षणभर उभे राहतात, तिथली माती कपाळाला लावतात आणि संध्याकाळपर्यंत दिल्लीला परततात. जाता-येता मोटारीच्या काचेतून दोन्ही बाजूंना कारखान्यांची धुराडी दिसत असतात. त्यांच्याकडे सहसा कोणी निरखून पाहत नाही.

परंतु दिल्ली आणि तिच्याभोवतीच्या हरियाणा, उत्तर प्रदेश, राजस्थानातल्या जिल्ह्यांच्या या पट्ट्यात, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात, गेली कित्येक वर्षे एक वेगळेच काम चालू आहे. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धुळीचे वजन करण्याचे. ते नीट झाले तर कोट्यवधी लोकांच्या श्वासाला थोडा आधार मिळतो. चुकले, किंवा मुद्दाम चुकवले, तर कायदा कितीही कडक असला तरी तो कागदावरच राहतो.

मोजमापाचे जुने शहर

दिल्लीला मोजमापाचा नाद जुना आहे. कॅनॉट प्लेसपासून चालत दहा मिनिटांवर जंतरमंतर आहे. सवाई जयसिंगाने १७२४च्या सुमारास ते बांधून घेतले. तिथल्या सम्राट यंत्राची सावली आजही वेळ सांगते. प्राणिसंग्रहालयात वाघ-सिंह पाहायला गेलेली मुले एका जाडजूड विटांच्या मनोऱ्यापाशी थबकतात. तो मोगल काळातला कोस मिनार, म्हणजे रस्त्याचे अंतर सांगणारी खूण. असेच मिनार पुढे सोनिपत, पानिपत, कर्नालच्या वाटेवरही उभे आहेत.

या परंपरेतली आजची जागा म्हणजे पुसा परिसरातली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा. तिची कोनशिला पंडित नेहरूंनी ४ जानेवारी १९४७ रोजी बसवली आणि उद्घाटन सरदार पटेलांच्या हस्ते २१ जानेवारी १९५० रोजी झाले. भारताचा किलोग्रॅम इथे राहतो. प्लॅटिनम आणि इरिडियम या धातूंच्या मिश्रणाचा हा छोटासा ठोकळा ५७ क्रमांकाचा आहे. २० मे २०१९ पासून जगाने किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून काढून निसर्गातल्या एका स्थिरांकाला जोडली. तरीही देशातल्या प्रत्येक तराजूचा शेवटचा धागा याच प्रयोगशाळेपर्यंत पोहोचतो, मग तो वाण्याच्या दुकानातला असो की धूळ तोलणाऱ्या रसायनतज्ज्ञाच्या टेबलावरचा. हवेचे आणि धुराचे प्रदूषण मोजणाऱ्या उपकरणांना प्रमाणपत्र देण्याची जबाबदारीही सरकारने २०१९ मध्ये याच संस्थेवर सोपवली.

मराठी वाचकाला आणखी दोन ओळखीची नावे या कामात भेटतात. नागपूरची ‘नीरी’ ही संस्था १९५८ मध्ये स्थापन झाली. १९७८ पासून तिने देशातल्या मोठ्या शहरांची हवा मोजायला घेतली. पुढे सहा शहरांतल्या प्रदूषणाची मुळे शोधण्याचा राष्ट्रीय अभ्यास झाला, तेव्हा दिल्लीचे काम नीरीकडेच होते. आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीच्या हवेचा अंदाज सांगणारी ‘सफर’ ही व्यवस्था उभी केली ती पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने.

जमनाकाठची थंड झालेली धुराडी

राजघाटावर फुले वाहून आयटीओच्या दिशेने निघालेल्या प्रवाशाला एके काळी यमुनेकाठी दोन वीजकेंद्रांची धुराडी दिसत. इंद्रप्रस्थ केंद्र राष्ट्रकुल स्पर्धांपूर्वी बंद झाले, राजघाटचे केंद्र २०१५ मध्ये थंडावले. शहराच्या दक्षिण टोकाला, फरिदाबादच्या सीमेवर, १९७३ पासून बदरपूरचे वीजकेंद्र कोळसा जाळीत होते. १५ ऑक्टोबर २०१८ रोजी तेही कायमचे बंद करण्यात आले. आज दिल्ली शहराच्या हद्दीत कोळशावर चालणारे वीजकेंद्र उरलेले नाही. मात्र दादरी, झज्जर, पानिपत या शेजारच्या ठिकाणी ती आहेत, आणि वाऱ्याला राज्याची सीमा ठाऊक नसते.

हा बदल आपोआप झाला नाही. वकील एम. सी. मेहता यांनी १९८५ मध्ये दिल्लीच्या प्रदूषणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तिच्या सुनावण्या वर्षानुवर्षे चालल्या. ८ जुलै १९९६ च्या आदेशाने १६८ धोकादायक कारखान्यांना शहराबाहेर जाण्यास सांगण्यात आले. २००० साली निवासी भागातल्या छोट्या कारखान्यांवर पाळी आली, तेव्हा कामगार आणि मालक दोघेही रस्त्यावर उतरले. बवाना, नरेला या उत्तरेकडच्या औद्योगिक वसाहतींत अनेकांचे स्थलांतर झाले. कुणाला नवा गाळा मिळाला, कुणाची रोजी गेली.

तेव्हापासून एक गोष्ट सर्वांना कळून चुकली. धुराड्याच्या तोंडाशी निघणारा एक आकडा कारखाना चालू ठेवू शकतो किंवा बंद पाडू शकतो. एवढे वजन ज्याला आले, तो आकडा काढतात तरी कसा?

तांदळाचे तीन-चार दाणे

जुन्या काळी धूर डोळ्यांनी मोजत. १८८८ मध्ये पॅरिसच्या रिंगलमान यांनी करड्या रंगाच्या चढत्या छटांचा एक तक्ता तयार केला. तो समोर धरायचा आणि धुराचा काळेपणा कोणत्या छटेशी जुळतो ते पाहायचे. मुंबईत गिरण्यांच्या धुरासाठी १९१२ सालीच कायदा झाला होता. पण काळा धूर वाईट आणि पांढरा चांगला, हा हिशेब फसवा आहे. जी धूळ फुप्फुसात खोल शिरते, तिचा कण मानवी केसाच्या साधारण तिसाव्या भागाएवढा बारीक असतो. डोळ्याला तो दिसतच नाही. म्हणून धूळ गाळून घ्यावी लागते आणि तोलावी लागते.

कारखान्यांसाठीची मर्यादा मिलिग्रॅममध्ये सांगतात. एक घनमीटर वायू म्हणजे हजार लिटर, घराच्या गच्चीवर असते त्या पाण्याच्या टाकीएवढा. २०२२ मध्ये राजधानी क्षेत्रातल्या लाकूडफाटा, भुसा, शेतातला काडीकचरा अशा इंधनावर चालणाऱ्या बॉयलरांना एका घनमीटरमागे ८० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा घालून देण्यात आली. तांदळाचा एक दाणा साधारण २० ते २५ मिलिग्रॅमचा असतो. म्हणजे टाकीभर धुरात तांदळाच्या तीन-चार दाण्यांएवढी धूळ. २०१५च्या नियमांनी नव्या वीजकेंद्रांना तर ३० मिलिग्रॅमच दिले, म्हणजे दाणा-दीड दाणा.

गृहिणीला वाटेल, एवढ्याशा धुळीने काय होते? पण समजा, एखादा मध्यम बॉयलर तासाला दहा हजार घनमीटर वायू सोडतो. मर्यादा काटेकोर पाळूनही तो तासाला ८०० ग्रॅम, दिवसाला १९ किलोंहून अधिक धूळ आकाशात फेकतो. मर्यादेच्या दुप्पट सोडली तर ३८ किलो. अशी शेकडो धुराडी एका शहराभोवती आहेत. आणि आपण श्वास घेतो त्या हवेसाठी बारीक कणांची चोवीस तासांची राष्ट्रीय मर्यादा आहे घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा सोळावा हिस्सासुद्धा नाही.

धुराड्यावर चढणारी माणसे

धूळ मोजणारी माणसे सकाळीच येतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे दोन-तीन तरुण, एक पेटी, लांब नळ्या, हवा ओढणारा पंप आणि थर्मासच्या डब्यासारखी दिसणारी काही भांडी. धुराड्याला बाहेरून लोखंडी शिडी असते आणि वर कठडा घातलेला मंच. मंचापाशी धुराड्याला काटकोनात दोन भोके ठेवलेली असतात. ती कुठे असावीत याचेही शास्त्र आहे. वायूचे वळण किंवा पंखा जिथे असेल तिथून धुराड्याच्या व्यासाच्या आठपट वर, आणि तोंडापासून दुप्पट खाली. नदीचा प्रवाह वळणापासून दूर गेला की जसा संथ होतो, तसा वायूही तिथे सरळ वाहतो.

मे महिन्यात हरियाणाचे ऊन पंचेचाळीस अंशांना भिडते आणि मंचावर धुराड्याच्या गरम पत्र्याची धग असते. डिसेंबरात शिडीचे गज दवाने निसरडे होतात. हातमोजे, शिरस्त्राण, कमरेला पट्टा आणि खाली पाहायचे नाही, एवढी तयारी असलेला माणूसच हे काम करू शकतो.

आधी एका वाकड्या नळीने वायूचा वेग मोजतात, तापमान आणि बाष्प पाहतात. मग मुख्य नळी आत जाते. तिच्या टोकाला बारीक तोंड असते आणि मागे टोपणासारखी गाळणी. काचतंतूंच्या या गाळणीला ‘थिंबल’ म्हणतात. शिवणकाम करणाऱ्यांच्या अंगुस्तानासारखा तिचा आकार, म्हणून हे नाव. आदल्या दिवशी ती कोरडी करून, मिलिग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत तोलून ठेवलेली असते. नळी धुराड्यात एकाच जागी ठेवून चालत नाही. ठरावीक बिंदूंवर सरकवत न्यावी लागते, कारण मधला वायू वेगाने जातो आणि कडेचा हळू.

यातली खरी कसोटी ओढण्याच्या वेगाची. धुराड्यात वायू ज्या वेगाने वर चालला आहे, नेमक्या त्याच वेगाने नळीने तो आत ओढला पाहिजे. एस.टी. वळणावर झटकन वळली की टपावरची ट्रंक सरळच जाऊ पाहते. धुळीच्या जड कणांचेही तसेच. नळीने कमी वेगाने ओढले तर जादा वायू नळीला वळसा घालून निघून जातो, पण जड कण सरळ आत घुसतात, आणि धूळ आहे त्यापेक्षा जास्त भरते. जास्त वेगाने ओढले तर आजूबाजूचा वायू आत येतो पण त्यातले जड कण बाहेरच राहतात, आणि धूळ कमी भरते. कारखाना निर्दोष दाखवायचा असेल तर पंपाची कळ थोडी अधिक फिरवली की पुरे! म्हणूनच भारतीय मानकात ही पद्धत बारकाईने लिहून ठेवलेली आहे आणि वेगाचा ताळमेळ कागदावर मांडून दाखवावा लागतो.

संध्याकाळी थिंबल प्रयोगशाळेत परतते. पुन्हा कोरडी करतात, पुन्हा तोलतात. दोन वजनांतला फरक म्हणजे धूळ. दिवसभराची चढउतार, घाम आणि हिशेब यांचे फळ पाहायला गेले तर बोटाच्या टोकावर मावेल एवढी राख.

ताकात पाणी

ताकात पाणी घातले की ताक वाढते, पण आंबटपणा कमी होतो. धुराचेही तसेच करता येते. धुराड्यात बाहेरची हवा मिसळू दिली की प्रत्येक घनमीटरमागची धूळ कमी दिसते. एकूण धूळ मात्र तेवढीच राहते. दूधवाल्याची लबाडी पकडायला जसे लॅक्टोमीटर असते, तसा इथे प्राणवायू मोजतात. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो, नीट जळणाऱ्या भट्टीच्या धुरात तो बराच कमी. समजा, मोजलेली धूळ ६० मिलिग्रॅम आहे, पण धुरात प्राणवायू साडेतेरा टक्के निघाला. संदर्भाचे प्रमाण ६ टक्के धरले तर हिशेबाने खरा आकडा १२० होतो. पहिला आकडा मर्यादेच्या आत होता, दुसरा बाहेर आहे.

मग यंत्रेच का बसवू नयेत? तीही बसवली गेली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अति प्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना अखंड मोजणी करणारी यंत्रे लावण्याचा आदेश दिला. धुराड्यात प्रकाशाचा किरण सोडतात आणि धुळीमुळे तो किती मंद झाला किंवा विखुरला ते पाहतात. आकडे थेट मंडळाच्या संगणकाकडे जातात. रात्रीच्या वेळी गुपचूप गाळणी बंद करणाऱ्याला त्यामुळे वचक बसतो. पण यंत्राला वजन कळत नाही, त्याला प्रकाश कळतो. इंधन बदलले, कणांचा रंग किंवा आकार बदलला की त्याचा अंदाज चुकतो. म्हणून ठरावीक काळाने माणसाला थिंबल घेऊन चढावेच लागते आणि यंत्राचा आकडा तराजूच्या आकड्याशी जुळवावा लागतो.

आणि माणसाचा आकडा खरा कशावरून? गुजरातमध्ये अर्थशास्त्रज्ञांनी केलेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या प्रश्नाचे डोळे उघडणारे उत्तर देतो. तिथे कारखाने स्वतःच तपासनीस निवडत आणि स्वतःच त्याला पैसे देत. अशा तपासनिसांच्या अहवालांनुसार धुळीची मर्यादा मोडणारे कारखाने होते अवघे ७ टक्के. स्वतंत्रपणे मोजल्यावर निघाले ५९ टक्के. मग काही कारखान्यांसाठी तपासनीस चिठ्ठी टाकून नेमले, पैसे एका मध्यवर्ती निधीतून दिले आणि त्यांच्या कामाची अचानक फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे येऊ लागले, आणि पुढे त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. माणसे तीच होती, तराजूही तेच. पैसे कोण देतो, एवढेच बदलले होते.

महाराष्ट्रानेही या दिशेने एक पाऊल टाकले. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ जून २०१७ पासून कारखान्यांना धुळीच्या मोजणीवरून एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली, जेणेकरून शेजारी राहणाऱ्या सामान्य माणसालाही त्या धुराड्याचा हिशेब कळावा.

मुरथलचे पराठे आणि पानिपतची ब्लँकेटे

दिल्ली सोडून ग्रँड ट्रंक रोडने उत्तरेला निघाले की कुंडली, राई या औद्योगिक वसाहती मागे पडतात आणि मुरथल येते. लोण्याचा गोळा ठेवलेला तंदुरी पराठा खाल्ल्याशिवाय इथून कोणी पुढे जात नाही. प्रदूषणाचा नियम या पराठ्यापर्यंतही पोहोचला आहे. हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने निर्बंध लावण्याची योजना २०१७ मध्ये जाहीर झाली. तिच्यात ढाब्यांच्या कोळशाच्या आणि लाकडाच्या तंदूरवरही बंदी येते. रस्त्याच्या कडेने शेतात वीटभट्ट्यांची धुराडी दिसतात. २०२२च्या अधिसूचनेने त्यांच्यासाठी २५० मिलिग्रॅमची मर्यादा ठरवली आणि विटा नागमोडी रचण्याची पद्धत सांगितली. हवेला वळणे घेत जावे लागते, इंधन पुरते जळते आणि काजळी कमी होते.

दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवर पानिपत येते. मराठी माणसाच्या मनात हे रणांगण आहे, पण गावाला स्वतःची ओळख विचारली तर ते सांगेल ब्लँकेटे, चादरी, सतरंज्या, गालिचे. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी इथे माग मांडले. पुढे एक आगळाच धंदा वाढला. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरी कपडे गठ्ठ्यांनी इथे येतात. बायका बसून त्यांची बटणे काढतात, चेन उसवतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग कपडे फाडून त्यांचे तंतू करतात आणि पुन्हा सूत कातून ब्लँकेट विणतात. भूकंपात, महापुरात वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटे पुष्कळदा याच गावची असतात.

रंगाईला मात्र वाफ लागते आणि वाफेला बॉयलर. वर्षानुवर्षे त्यात कोळसा जळत होता. तेलशुद्धीकरणातून उरणारा पेटकोक न्यायालयाने २०१७ मध्ये बंद केला, आणि १ जानेवारी २०२३ पासून, वीजकेंद्रे वगळता, सगळ्या राजधानी क्षेत्रातल्या उद्योगांना कोळसा बंद झाला. काहींनी नळाचा गॅस घेतला, काहींनी भुसा आणि लाकूडफाटा. गॅस स्वच्छ, पण महाग. भुसा स्वस्त, पण धुळीचा. भुसा जाळायचा तर कापडी पिशव्यांची गाळणी लावा, ती वेळेवर झटका, फाटली की बदला, आणि वर्षभर मोजून दाखवा. छोट्या मालकाला हा खर्च जड जातो. पण रंगशाळेच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहणाऱ्या मजुराच्या लेकराला रात्री खोकल्याची उबळ येते, तो खर्च कुठल्याच वहीत लिहिलेला नसतो. दोन्ही बाजूंना पोट आहे. म्हणून तरी आकडा खरा हवा. खोट्या आकड्याने प्रामाणिक मालकाचेच नुकसान होते, कारण गाळणीवर पैसे घालणारा आणि न घालणारा कागदावर सारखेच दिसतात.

काला आंब

शहरातले काबुली बाग मशीद, इब्राहिम लोदीची कबर, बू अली शाह कलंदरांचा दर्गा हे पाहून झाले की प्रवासी सुमारे आठ किलोमीटरवरच्या काला आंबला जातो. रक्ताने माती भिजली आणि तिथला आंबा काळा पडला, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही. कुंपणाच्या आत विटांचा स्तंभ आहे आणि त्यावर १४ जानेवारी १७६१ची आठवण. दरवर्षी त्या दिवशी महाराष्ट्रातून माणसे इथे येतात. पण जानेवारीच्या पहाटे धुके आणि धूर यांचे असे मिश्रण झालेले असते की पन्नास पावलांवरचा स्तंभही कधी कधी दिसत नाही. लहान मुले आणि दम्याचे रुग्ण बरोबर असतील तर फेब्रुवारीच्या अखेरीचे दिवस बरे. मोहरीची शेते पिवळी असतात आणि उन्हात मऊपणा असतो. निघण्यापूर्वी हवेचा निर्देशांक पाहून घ्यावा. २०१५ पासून तो रोज जाहीर होतो.

पानिपतच्या पराभवाची बातमी पेशव्यांना कळली ती एका सावकारी पत्रातून. गेलेल्या माणसांचा हिशेब त्यात मोत्यांत आणि मोहरांत मांडलेला होता. मोठ्या सरदारांची गणती झाली. खुर्दा किती गेला, त्याची मोजदाद करता आली नाही. तो खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई, बाजारबुणगे, बायका, मुले.

काला आंबहून परतताना संध्याकाळ होते. रंगशाळांच्या धुराड्यांवर दिवे लागतात. एखाद्या मंचावरून पंप, नळ्या आणि पेटी दोरीने खाली उतरवली जात असते, आणि तिच्यात कुपीत जपून ठेवलेली एक थिंबल असते. रात्री ती तोलली जाईल. नावे कुठेच नोंदलेली नाहीत अशा माणसांच्या वाट्याला किती धूळ आली, याचा निदान एक खरा आकडा उद्या कुणाच्या तरी टेबलावर असेल.